कडुनिंबाखालचं घर, तुंबणारी पन्हळ आणि गळणारं देवघर (बडोदा)

निंबोळी | १८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर प्रतापगंजात, कमाटीबागेपासून चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांनी बांधलेलं. पुढचा भाग स्लॅबचा, वर चायना मोझेक (फरशीच्या तुकड्यांचा थर). मागच्या स्वयंपाकघरावर आणि पडवीवर मंगलोरी कौलं. दारात दोन कडुनिंब, मागे शेजारच्यांचा पिंपळ आणि कुंपणाला आसोपालवाची रांग. रस्त्यावर बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापलेलं असतं तेव्हाही आमच्या ओसरीवर दुपारी डोळा लागतो. त्यामुळे ही झाडं मला घरातल्या माणसांसारखी आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या श्रावणात देवघराच्या छतातून पाणी आलं. आधी नुसती ओल, मग पोपडे, मग थेट देवांवर थेंब. दिवाळीनंतर दोन ठेकेदारांना बोलावलं. एक म्हणाला, सगळं चायना मोझेक उखडून नवं करा. दुसरा म्हणाला, काही उखडू नका, वरून डांबरी शीट चिकटवून देतो. दोघांचेही आकडे ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो. शेजारच्या काकांचं म्हणणं तिसरंच: "हे दोन लिमडे (कडुनिंब) काढून टाका, दरवर्षीची कटकट मिटेल."

काल मी स्वतः वर गेले. गच्चीला पाणी जायला दोन पाइप आहेत, दोन्ही तीन इंची. त्यातल्या एकाच्या तोंडावर कडुनिंबाच्या काड्या, सडलेला पाला आणि उत्तरायणातला मांजा असा गुंडाळा बसला होता की ओढून निघेना. कात्रीने कापावा लागला. खाली काळा चिखल. म्हणजे मकरसंक्रांतीपासून इकडे कोणी पाहिलंच नव्हतं, आणि त्या "कोणी"मध्ये मीच येते.

पाऊस यायला महिना आहे. नक्की काय करू? आणि दरवर्षी काय करत राहू? झाड तोडायचा सल्ला सोडून काहीही सांगा.

---

ओव्हरसियर | १८ मे, रात्री १०:२५

ताई, उखडूही नका, शीटही नको आणि झाड तर मुळीच नको. निदान पाणी नक्की कुठून शिरतंय हे कळेपर्यंत तरी. मी बांधकाम खात्यात चाळीस वर्षं काढली. सरकारी क्वार्टर्सच्या गच्च्या बघताना एक गोष्ट सतत दिसली: लोक फरशीतली भेग शोधत बसतात आणि पाणी पाइपच्या तोंडापाशी स्लॅबमध्ये उतरत असतं.

गच्ची किती मोठी आहे? पाइप पुढच्या बाजूला आहेत का? देवघर बरोबर एखाद्या पाइपखाली येतं का? एवढं सांगा, मग पुढचं लिहितो.

---

निंबोळी | १८ मे, रात्री १०:५१

साधारण ९०० चौरस फूट. पाइप दोन्ही पूर्वेच्या कठड्याला. आणि हो, तुंबलेल्या पाइपच्या बरोबर खाली देवघराची भिंत आहे. हे आत्ता लिहितानाच लक्षात आलं.

---

ओव्हरसियर | १९ मे, सकाळी ७:१५

मग सविस्तर लिहितो.

पहिलं, हिशोब. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर चार इंची पाइप सुमारे ४२ चौरस मीटर छताचं पाणी नेतो, म्हणजे साधारण साडेचारशे चौरस फूट. तीन इंची पाइप मात्र फक्त २० चौरस मीटर, सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतच. व्यास एकच इंच कमी आणि काम निम्म्याहून कमी. तुमच्या ९०० फुटांच्या गच्चीला दोन तीन इंची पाइप, म्हणजे ते दोन्ही स्वच्छ असले तरी जोराच्या सरीत निम्मंच पाणी जाणार. एक तुंबला की पाव. उरलेलं पाणी कठड्यांच्या आत तळं करून बसणार. दोष कडुनिंबाचा नाही. घर बांधताना पाइपच कमी टाकले आहेत.

आता त्या तळ्याचं वजन बघा. ९०० चौरस फुटांवर सहा इंच पाणी म्हणजे साडेबारा हजार लिटर, साडेबारा टन. स्लॅब एवढा भार सतत सोसण्यासाठी घातलेला नसतो. ३१ जुलै २०१९ आठवा. एका दिवसात ४०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. त्या दिवशी एकट्या तुमच्या गच्चीवर तेहतीस हजार लिटरहून जास्त पाणी पडलं असणार.

दुसरं, परीक्षा. आत्ता मे महिन्यात सगळी गच्ची पाण्याने भरायची गरज नाही, पाणी वाया जाईल. तुंबलेल्या पाइपच्या तोंडात जुनं फडकं आणि मळलेली माती दाबून बसवा. भोवती तीन बाय तीन फुटांची मातीची पाळ करा. दोन इंच पाणी भरा, दोन-तीन बादल्यांत होईल. खाली देवघराच्या छतावर ओलीची आत्ताची कड पेन्सिलने आखून ठेवा. चोवीस तास थांबा. कड सरकली तर दोष तोंडापाशी आहे. नाही सरकली तर पाळ मोडून दुसऱ्या जागी करा, आधी कठड्याच्या पायथ्याशी, मग मधल्या भागात. एक अट: छतातून सळई उघडी पडली असेल किंवा मोठे तुकडे पडत असतील तर ही परीक्षा करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

तिसरं, दुरुस्ती. तोंडापाशीच गळत असेल तर कडिया (गवंडी) बोलावून त्या भोवतीचं फूटभर मोझेक काढा. पाइप स्लॅबच्या वरच्या पातळीपेक्षा थोडा खाली बसला पाहिजे. बरेचदा प्लंबर तो अर्धा इंच वर ठेवतात, मग तिथे कायमचं डबकं राहतं आणि पाणी पाइपच्या बाहेरून खाली झिरपतं. आतापासून चार इंची पाइप घाला, दोन्हीकडे. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथली गोलाई (आमचे कडिये "वाटा" म्हणायचे) फुटली असेल तर ती आधी भरा. उतार दहा फुटांना सव्वा इंच मिळाला की पुरे.

चौथी गोष्ट कोणी सांगत नाही. कठड्याला, गच्चीच्या पातळीपासून दोन इंच वर, एक आरपार नळी ठेवा. पाइप तुंबलेच तर पाणी तिथून अंगणात पडेल. स्लॅबवर तळ्याचा भार येणार नाही आणि अंगणात धार दिसली की तुम्हाला कळेल, वर जायची वेळ झाली.

---

इंदूरवाला | १९ मे, सकाळी ९:०२

काका, पाइपच्या तोंडावर बारीक जाळी बसवली तर? आमच्याकडे इंदूरला कवेलूच्या (कौलांच्या) घराच्या पन्हळीवर मच्छरजाळी ताणून बसवली होती, पहिल्याच पावसात वरून पाणी वाहून गेलं.

---

ओव्हरसियर | १९ मे, सकाळी ९:४०

तेच होणार. सपाट बारीक जाळीवर दहा ओली पानं बसली की झाकणच झालं. जाळी घुमटासारखी उभी हवी, वीतभर उंच, भोकं अंगठा जाईल एवढी. खालून पानं अडकली तरी वरून पाणी शिरतं. बारीक काड्या आत गेल्या तर चालतात, त्या चार इंची पाइपमधून वाहून जातात. तीन इंचीत कोपरावर अडकतात.

---

स्पष्टच_बोलतो | १९ मे, दुपारी १:१८

मी वेगळं लिहितो, राग मानू नये. आमच्या फतेगंजच्या घरात पिंपळाची मुळं जोत्यात शिरली होती. मागची भिंत दुभंगली. तेव्हा पालिकेची परवानगी काढून तो पिंपळ काढला आणि मला त्याचं वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग नव्हता. झाड म्हणजे देव असं धरून बसलं की घर जातं. प्रत्येक ठिकाणी "झाड मुळीच नको तोडू" हे बरोबर नाही.

---

ओव्हरसियर | १९ मे, दुपारी २:०५

तुमचं बरोबर आहे. मुळं जोत्यात शिरली असतील तर प्रश्न वेगळा, तिथे मी नाही म्हणणार नाही. पण पाला पडतो म्हणून झाड काढणं म्हणजे केर पडतो म्हणून अंगण काढणं.

---

मातीतला | १९ मे, रात्री ८:३३

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे झाडाच्या बाजूने चार शब्द. सगळ्या झाडांना एकच तारीख लावता येत नाही. गच्ची झाडायची असेल तर डोक्यावर कोणतं झाड आहे ते विचारा.

कडुनिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो. पण पानापेक्षा तापदायक त्याच्या शिरांच्या काड्या. पर्णिका गळून पडल्या की लांब काडी उरते, त्या काड्या एकमेकींत अडकून घरट्यासारख्या विणल्या जातात. ताईंच्या पाइपवर तेच झालंय, आणि त्यात मांजाने दोरा पुरवला. चैत्रात फुलांचा सडा पडतो, तो वाऱ्याने जातो. जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या पडतात, नेमक्या पावसात. त्यांचा चिकट गर पन्हळीत बसला की वरून येणारी धूळही धरून ठेवतो. म्हणून कडुनिंबवाल्यांनी गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा आणि निंबोळ्यांच्या दिवसांत दर आठवड्याला वर जावं.

पिंपळही वसंताच्या तोंडावर पानं टाकतो. त्याचं पान कुजलं तरी शिरांची जाळी तशीच राहते, आणि ती पाइपच्या तोंडावर चाळणीसारखी बसते. आसोपालवाची फळं पावसाळ्यात पिकतात. रात्री वटवाघळं गर खातात आणि बिया टाकतात, सकाळी गच्चीवर सुपारीएवढ्या बियांचा खच. गुलमोहोर आणि चिंच यांचा पाला इतका बारीक की तो वाहून जाईल असं वाटतं. तो वाहतो, पण पन्हळीच्या सपाट भागात गाळ होऊन बसतो, आणि दोन पावसांत त्यात गवत उगवतं.

आता खरं भय कुठलं ते सांगतो. वड-पिंपळाची फळं साळुंक्या, तांबट, कोकीळ खातात आणि विष्ठेतून बी कठड्याच्या भेगेत पडतं. आपल्या शहराच्या नावातच (वडोदरा) वड आहे, तेव्हा बियांना तोटा नाही. रोप दोन पानांचं असताना भेग ओली करून हाताने उपटलं तर मुळासकट येतं. पेन्सिलीएवढं जाड झालं की नुसतं कापू नका. कापलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो. भेग उघडून मूळ जिथवर गेलं असेल तिथवर काढा आणि मग भरा. भिंत जुनी, विटा-चुन्याची असेल तर चुन्यानेच भरा, तिथे सिमेंट धरत नाही आणि शेजारची वीट खातं. आम्ल ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने आतली सळई गंजते.

छाटणीबद्दल. छपरावर टेकणारी, वाऱ्यात कौलं घासणारी फांदी जरूर काढा, पण हिवाळ्यात. पावसाळ्यात शिरीष, चिंच, वड यांच्यावर बगळ्यांची आणि वंचकांची घरटी असतात, आपल्याकडे तर शहरभर. फांदी पडली की पिलं पडतात. मोठी फांदी तोडायची तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. आणि शेंडा कधीही छाटू नका. शेंडा छाटलेल्या झाडाला जे नवे धुमारे फुटतात ते खोडाला नीट धरलेले नसतात, पुढच्या वादळात तेच तुमच्या कौलांवर येतात.

---

दांडियाबाजार | २० मे, सकाळी ११:२०

निंबोळीवहिनी, तुमच्या कौलांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमचं घर अजून सगळं कौलारूच आहे.

आपल्या गावात कौलांचा पहिला शत्रू उत्तरायण. चौदा-पंधरा जानेवारीला शेजारची मुलं कापलेल्या पतंगामागे कौलांवर चढतात, कोणाला ओरडायचं? मीही लहानपणी चढलोय. कौलं फुटल्याचं तेव्हा कळत नाही, आषाढात कळतं. म्हणून आमच्याकडे वासी उत्तरायण (पंधरा जानेवारी) झालं की दुसऱ्या दिवशी दोन कामं ठरलेली. झाडात, पन्हळीत, पाइपात अडकलेला मांजा वेचायचा (पक्ष्यांसाठीही, आणि पाइपसाठीही) आणि भर दुपारी माळ्यावर जाऊन दारं-खिडक्या बंद करून अंधारात वर बघायचं. जिथे उन्हाचा ठिपका दिसेल तिथल्या रिपेवर (कौलांखालच्या लाकडी पट्टीवर) खडूने खूण. बाहेरून दिसत नाही ते आतून लगेच दिसतं.

बदलायची कौलं घेताना मागचा छाप बघा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. दिसायला सारखं असतं आणि पाणी तिथूनच शिरतं. आम्ही पाडकाम होणाऱ्या घरांतून आपल्याच छापाची कौलं शोधून आणतो, पन्नासेक जास्तीची माळ्यावर रचलेली आहेत. घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे.

दोन उतरणी जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ नीट बघा. पाला सगळा तिथे साठतो, ओला राहतो, आणि पत्रा खालून नाही, वरूनच गंजतो. झाडून झालं की हाताने चाचपून बघा. पत्र्याची कड कौलाखाली दोन्ही बाजूंना वीतभर तरी गेलेली हवी, नाहीतर पाला अडला की पाणी चढून कडेवरून आत.

शेवाळ धरलं असेल तर उन्हात वाळू द्या आणि नारळाच्या काथ्याने किंवा जाड ब्रशने वरून खाली घासा. पंपाच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका. कौलाचा वरचा थर जातो आणि पाणी उलटं वर सरकून आत येतं.

---

सुरंगी | २० मे, दुपारी ३:४४

सगळं वाचलं. सगळे वर कसं जायचं ते सोडून बाकी सारं सांगताहेत.

माझे वडील असेच पन्हळ साफ करायला चढले होते, पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवाळावरून पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं, आठ महिने अंथरुणात होते. तेव्हा घरात दुसरं कोणीही नव्हतं, शेजारणीला आवाज ऐकू आला म्हणून कळलं.

ओलं छप्पर असेल तर चढायचं नाही. एकट्याने चढायचं नाही, शिडी धरायला खाली एक माणूस हवंच. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढा लांब, आणि वरचं टोक कठड्याच्या तीन फूट वर. वीज-कंपनीची तार जवळून जात असेल तर लोखंडी शिडी आणि ओला बांबू दोन्ही लांब ठेवा. कौलांवर थेट पाय देऊ नका, आडवी फळी टाका. सिमेंटच्या पत्र्यांवर तर कधीच नाही. ते खिळ्यांच्या रांगेवर सोडून कुठेही तुटतात. जुने सिमेंट-पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडे घासू नका.

साठ ओलांडलेल्यांनी वर चढू नये असं मला वाटतं. ओव्हरसियरकाका, तुम्हीही.

---

ओव्हरसियर | २० मे, दुपारी ४:१०

मान्य. मी आता खालूनच सांगतो, मुलगा चढतो.

---

अलकापुरी_गच्ची | २१ मे, सकाळी ८:५०

सोलर बसवलेल्यांसाठी. आमच्या पॅनेलखाली पाला इतका साठला होता की झाडू पोचत नव्हता. बसवून घेताना पॅनेलची खालची कड गच्चीपासून निदान दीड-दोन फूट उंच ठेवायला सांगा आणि पाणी जायच्या वाटेवर सिमेंटचे ठोकळे येऊ देऊ नका. आमच्याकडे एक ठोकळा बरोबर पाइपच्या समोर ओतला होता. सांगून तोडून घेतला.

आणि कुंड्या. सगळ्या कुंड्या विटांवर ठेवा, पाण्याची वाट मोकळी राहते. आठवड्यातून एकदा बश्या, बादल्या, झाकणं उलटी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

---

आजोळचं_टांकं | २१ मे, रात्री ९:३०

आमच्या आजोळी टांक्यात गच्चीचं पाणी साठवायचे. तिथे नियम असा होता की पहिले एक-दोन पाऊस टांक्यात जाऊ द्यायचेच नाहीत, पाइप वळवून अंगणात सोडायचा. आजी गच्ची धुऊन झाल्यावर पांढऱ्या फडक्याने पुसून बघायची, फडकं काळं आलं तर पुन्हा. कोणी नव्याने पावसाचं पाणी साठवत असेल तर झाडाखालच्या छताला हे जास्तच लागू आहे.

झाडलेला पाला जाळू नका. कोपऱ्यात विटांचं चौकोनी आळं करून त्यात टाका, थोडं शेण-पाणी शिंपडा. कडुनिंबाचा पाला सावकाश कुजतो, पण पुढच्या पावसापर्यंत खत होतं.

---

निंबोळी | २९ मे, रात्री ८:१५

परीक्षा केली. रात्री पाळ करून पाणी भरलं. सकाळी उठल्यावर आधी देवघरात गेले. पेन्सिलची रेघ ओलीच्या आत गेली होती, चार बोटं तरी. मधल्या भागात पाळ केली तेव्हा दोन दिवस काहीच नाही. म्हणजे चायना मोझेक धडधाकट आहे आणि मी सगळं उखडून टाकायला निघाले होते!

कडिया आला. मोझेक काढल्यावर दिसलं की पाइप अर्धा नाही, पाऊण इंच वर बसवला होता, आणि भोवती नुसतं वाळू-सिमेंट भरलेलं, ते बोटाने निघत होतं. दोन्हीकडे चार इंची घातले, तीन दिवसांचं काम. घुमटाची जाळी रावपुऱ्यात मिळाली. कठड्याला नळीही ठेवली. ठेकेदारांच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यातही आलं नाही.

कठड्याच्या मागच्या बाजूला पिंपळाची पाच रोपं निघाली. चार हाताने आली. पाचव्यासाठी भेग उघडावी लागली, मूळ हातभर आत होतं.

---

निंबोळी | ११ जुलै, सकाळी ६:५०

रात्री दोनला जोराची सर आली. मी टॉर्च घेऊन जिन्याच्या दारातूनच बघितलं, वर गेले नाही (सुरंगीताई, शपथ). पाणी सरळ पाइपकडे धावत होतं, जाळीभोवती निंबोळ्यांचं कडं आणि मधून भोवरा. देवघर कोरडं आहे. देवांवर धरलेली प्लास्टिकची चादर आज काढली.

स्वयंपाकघरात मात्र एक ठिबक आहे, दोन उतरणींच्या पन्हळीखाली. पातेलं ठेवलंय. दांडियाबाजारभाऊ, तुम्ही म्हणालात तसा पत्रा वरूनच गेलाय, बोट आरपार जातं. पावसात बदलता येईल का?

---

दांडियाबाजार | ११ जुलै, सकाळी ७:३०

आत्ता आख्खा बदलू नका, कौलं काढून ठेवली आणि सर आली तर सगळं स्वयंपाकघर जाईल. चार दिवसांची उघडीप बघून भोकावर डांबरी पट्टी चिकटवून घ्या, कोरड्या पत्र्यावर, घासून. दसऱ्यानंतर पत्रा बदलू. आमच्या माळ्यावरची कौलं तुमच्या छापाची आहेत का ते बघतो, मागचा फोटो टाका.

---

मातीतला | ११ जुलै, सकाळी ८:०५

आमच्याकडे आसोपालवाच्या बिया पडायला लागल्या. रविवारी उघडीप असेल तर मुलाला वर पाठवा.